समजले: होय

साधनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं.

अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मी न्यूमोनियाने पडले होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी माझा जीव वाचवला आहे आणि तेवढी लाज मी राखणार. माझी खाट अकरा नंबरची. बारा नंबरवर मनकर्णाबाई होती, बार्शीटाकळीची, साठीच्या अलीकडची. साखर पाचशेच्या घरात गेल्यामुळे तिला आणलं होतं आणि इन्सुलिनचं इंजेक्शन नव्यानेच सुरू झालं होतं. साधना नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मनकर्णाबाईला तिचा आजार समजावून सांगायचा, हे त्या दिवशी तिचं काम. त्याला त्यांच्यात ‘हेल्थ टॉक’ म्हणतात. आणि हे समजावणं ती मनकर्णाबाईकडे पाठ करून करत होती.

तोंड होतं आरती मॅडमकडे. आरती मॅडम त्यांच्या ट्यूटर. हातात गुणांचा कागद घेऊन त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांच्यामागे आणखी अकरा मुली, आपापल्या तक्त्यांच्या गुंडाळ्या बगलेत धरून.

मी छत्तीस वर्षं रंगमंचावर काढली. कंपनीबरोबर अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर असं गावोगाव फिरले. राण्या केल्या, सावत्र आया केल्या आणि सात नाटकांत नर्सही झाले. आमचे मास्तर पहिल्या तालमीत एकच गोष्ट शिकवायचे. ‘पाठ फिरवायची असेल तर खुशाल फिरव, पण तिकीट काढून कोण बसलंय ते विसरू नकोस.’ वॉर्डातला तो प्रयोग बघताना मला मास्तर आठवले आणि माझं डोकं तापलं, ते आजतागायत उतरलेलं नाही.

साधनाचा तक्ता सुरेख होता, हे मान्य केलं पाहिजे. झेंडूच्या रंगाची किनार, मध्ये स्वादुपिंडाचं चित्र, खाली ‘काय खावे’, ‘काय टाळावे’. टाळायच्या यादीत साबुदाणा आणि बटाटा लाल फुलीने खोडलेले, आणि साखरेच्या डब्यावर एक कवटी. कवटीला दात इतके हुबेहूब की मला माझ्या कवळीची आठवण झाली.

“रुग्णांनी इन्सुलिन जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावे,” साधना पाठ केलेलं म्हणत होती. “एकही दिवस खंड पडू देऊ नये. साखर हे मधुमेही व्यक्तीसाठी विष आहे.”

मनकर्णाबाई मान हलवत होती. ती मान मी ओळखते. तिसऱ्या अंकात शब्द कळेनासे झाले की पुढच्या रांगेतली माणसं तशीच मान हलवतात, पाहुण्याचा मान राखावा तशी.

मग तिने हळूच विचारलं, “बाई, चतुर्थी असली म्हंजे?”

साधना वळली. पहिल्यांदाच वळली. तिचं तोंड मला दिसलं: सावळं, रुंद कपाळाचं, आणि प्रश्न ऐकून उजळलेलं. “उपास करता का मावशी? मंग तुमाले...”

“साधना, प्रश्न शेवटी,” आरती मॅडम घड्याळ पाहत म्हणाल्या. “दहा मिनिटं झाली. साखर कमी होण्याची लक्षणं राहू दे, लिहिलं आहेस ना? समारोप कर.”

समारोप झाला. टाळ्या वाजल्या, कारण मुलींना टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. मॅडमनी तक्त्याला पहिला क्रमांक दिला आणि तो तिथेच, बारा नंबरच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावायला सांगितला. नर्सिंग कॉलेजच्या तपासणीची समिती यायची होती. घोळका पुढच्या खाटेकडे सरकला. ते ‘शेवटी’ काही उगवलं नाही.

दुपारी साधना ताप बघायला आली तेव्हा मी तिला खाटेशी थांबवलं.

“काय गं, मघा तू कोणाशी बोलत होतीस?”

“मनकर्णा मावशीशी.”

“तिच्याशी तर तुझी वेणी बोलत होती.”

ती चिडली. मला बरं वाटलं. चिडणाऱ्या पोरी कामाच्या असतात. “आजी, मार्क कोन देते? मावशी देते का? मॅडम म्हनते, परीक्षकाकडं पाहून बोला. नाही पाहिलं त दोन मार्क कटते. तुमाले काय जाते बोलाले.”

“मला काहीच जात नाही. तिला जाईल.”

ती थर्मामीटर झटकत राहिली. मग म्हणाली, “संध्याकाळी येतो मी परत. उपासाचं सांगाचं राहिलंच हाय.”

ती वलगावची. वडील सहदेव, घरची थोडी वाडी, वांगी, मेथी, कडेला शेवंती. शाळेत असताना ती त्यांच्यासोबत अमरावतीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. इथे ती वसतिगृहात राहत होती आणि तीन वर्षं तिने काय केलं, ते मी माझ्या तिथल्या सतरा दिवसांत पाहिलं. चादरी बदलल्या. रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचवल्या. सिस्टर दोन आणि खाटा चौतीस, म्हणजे मधलं सगळं या मुलींनी करायचं. आणि जे शिकायचं ते रात्री वहीत उतरवून काढायचं. वहीला ते जर्नल म्हणतात. दर रुग्णामागे एक पान, पानाच्या तळाशी छापील रकाना: ‘रुग्णाला समजले: होय / नाही’. मी तिची वही चाळली. साठातली चाळीस पानं भरलेली, चाळीस वेळा ‘होय’.

“एखाद्याला कळलं नाही असं कधी झालंच नाही?”

“‘नाही’ लिहिलं त मॅडम पान परत देते. मंग परत टॉक, परत सही. सगळ्याच पोरी ‘होय’ लिहिते.”

त्या संध्याकाळी तिला ऑपरेशन थिएटरच्या कामावर पाठवलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईला सुट्टी मिळाली. तिचा मुलगा देवानंद इंजेक्शनचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. जाताना ती माझ्या उशाशी आली, भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, “पोरीनं चांगलं काढलं. ध्यानात राहते.”

ध्यानात राहिलं.

आठव्या दिवशी भर दुपारी जीप दारात लागली आणि मनकर्णाबाईला उचलूनच आत आणलं. अंग घामाने थबथबलेलं, दातखीळ बसलेली. साखर चाळीसच्याही खाली. शिरेतून ग्लुकोज गेलं, अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले आणि आपण पुन्हा त्याच तक्त्यासमोर आहोत हे पाहून परत मिटले.

देवानंद कपाळावर हात मारून सांगत होता. “आज चतुर्थी. इंजेक्शन आठाले घेतलं, एकबी दिवस चुकवाचं नाही म्हने. मंग कोरा चहा, बिनसाखरेचा. चांद निंगेवर पान्यावर. पयले साबुदाना त खाये, आता थेबी बंद, फुली हाय म्हने त्याच्यावर. अकराले हात कापाले लागले. माह्या बायकोनं साखरेचं पानी आनलं, त इनं तोंडच मिटून घेतलं. ‘इख देतं का मले’ म्हने. ‘कवटी पाह्यली म्या.’”

राउंडला डॉक्टर आले. तरुण, दमलेले, तीन वॉर्ड पाठीवर. “यांना शिकवलं नव्हतं का?” त्यांनी विचारलं.

आरती मॅडम वही घेऊन आल्याच होत्या. “शिकवलंय सर. हे बघा. रुग्णाला समजले: होय.”

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. “मग काय करणार आपण. ऐकतच नाहीत हे लोक.”

सगळं आयुष्य मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलले. टाळ्यांची वाक्यं, चढ्या पट्टीतली. पण त्या क्षणी खाटेवरून, ओठ सुकलेल्या त्या बाईने विझल्या आवाजात जे म्हटलं, तसं वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

“ऐकलं म्हून त आली, साहेब.”

डॉक्टरांना ऐकू आलं की नाही ठाऊक नाही. ते तेराव्या खाटेकडे वळले होते. साधनाला ऐकू आलं. ती निरोप मिळताच थिएटरमधून धावत आली होती आणि देवानंदच्या मागे उभी होती. हिरव्या टोपीखाली तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मी तिला जवळ घेणार होते. तिने हात झटकला. मग ती मॅडमकडे गेली, वही मागून घेतली, माझ्या खाटेच्या कडेवर ठेवून ते पान उघडलं. ‘होय’ खोडलं. बाजूला लिहिलं: ‘नाही. उपवासाचे सांगितले नाही. साखर कमी झाल्यास काय करावे हे सांगितले नाही.’ तारीख घातली. खाली नाव.

“वेडी आहेस का?” आरती मॅडमचा आवाज खाली आला होता. “ही वही बाहेरच्या परीक्षकांपुढे जाते. तीन आठवड्यांवर परीक्षा आहे. हे पान काढ, नवं लाव. मी सही करते.”

“रुग्णाले नाही समजलं, मॅडम.”

“ते मला दिसतंय. वहीत दिसायला नको.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आमच्या कंपनीत पडदा फाटला तर मागून ठिगळ लावायचे, पण प्रेक्षकाला ‘पडदा फाटला नाही’ असं लिहून द्यायला कोणी सांगितलं नाही. इथे माणूस फाटला होता आणि ठिगळ वहीला लावायचं चाललं होतं.

साधनाने वही ॲप्रनखाली धरली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आली. तक्ता नाही, छडी नाही. स्टूल ओढून मनकर्णाबाईच्या खाटेशी इतकी खाली बसली की मनकर्णाबाईला तिच्याकडे वाकून पाहावं लागलं.

“मावशी, चूक माही हाय. आज मी सांगत नाही, तुमी सांगा. चतुर्थी सोडता का?”

“नाही सोडत. पंधरा वर्सं झाली.”

“डॉक्टर म्हनते सोडा.”

“डाक्टरले म्हना, तुमी पगार सोडा.”

साधना हसली. “बरं, नका सोडू. पन सकाळी भगर चालते का बाप्पाले?”

“भगर चालते.”

“मंग अशानं. डॉक्टरनं त्या दिवसाचं माप कमी करून लिहून देल्लं. थे घ्याचं अन् अर्ध्या घंट्यात भगर खाचीच. भगर नसन खाचं त आदल्या दिवशी मले फोन. आता सांगा, मी काय म्हनलो?”

मनकर्णाबाईने सांगितलं, पण तेही मान हलवत, शाळेत कविता म्हणावी तसं. साधनाने माझ्याकडे पाहिलं. तिलाही आता ती मान ओळखू यायला लागली होती.

मग मात्र मला राहवलं नाही. “सांगून भागायचं नाही,” मी म्हटलं. “करून दाखवू दे. मनकर्णे, आज चतुर्थी. तुझे हात कापायला लागले. मी तुझी सून.”

“तू माही सून?” तिने मला खालून वर न्याहाळलं. “मंग त माह्या पोराचं नशीबच फुटलं.”

अख्खा वॉर्ड हसला. शहात्तर वर्षांची सून हातात स्टीलचा पेला घेऊन उठली. मनकर्णाबाई हात थरथरवू लागली, आणि बाई काय जातीची नटी निघाली म्हणून सांगू! नऊ नंबरची मावशी खरंच सिस्टरला हाक मारायला निघाली.

“आत्याबाई, साखरेचं पानी घ्या,” मी म्हटलं.

मनकर्णाबाईचा हात पेल्यापर्यंत आला आणि थांबला. तिची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेली. ते नाटक नव्हतं. खोट्या पाण्याच्या रिकाम्या पेल्यालाही ती भ्यायली. साधना उठली आणि तक्ता व खाट यांच्यामध्ये येऊन उभी राहिली, तक्त्याकडे पाठ करून.

“मावशी, कवटी मी काढली. मले मार्क पायजे होते म्हून काढली. रोजच्या चहात साखर नाही, थे खरं हाय. पन हात कापले, घाम सुटला, त तवा साखर पयले. मोठे तीन चमचे, पान्यात. बाप्पाचं मंग.”

“उपास मोडते त?”

“मोडते त मोडू द्या. तुमी मोडू नका.”

मनकर्णाबाईने पेला घेतला आणि रिकामा पेला तळापर्यंत प्यायली. मग आम्ही ते पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती सून झाली आणि मला पाणी पाजलं, वर दोन शिव्याही दिल्या, “पेतं का नाही, म्हातारे?” शिकणं म्हणतात ते हे. मी ते तालमीत हजार वेळा पाहिलं आहे आणि तरी माझे डोळे भरले.

दारात आरती मॅडम उभ्या होत्या. किती वेळ, ठाऊक नाही. मला वाटलं, आता तरी. त्यांनी गुणांचा कागद उलटसुलट केला आणि म्हणाल्या, “साधना, तुझं पोस्टिंग थिएटरमध्ये आहे. आणि यात प्रस्तावना नाही, दृक्‌-साधन नाही, समारोप नाही. मी हे कुठे लिहू?”

मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. छत्तीस वर्षांचा आवाज होता, पार औषधाच्या खिडकीपर्यंत गेला असेल. पण एक मी नोंदवते, नाहीतर माझ्याही वहीत खोटं राहील. सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “गोदाबाई, माझ्याकडे साठ मुली आहेत. समिती तक्ते मोजते, वह्या मोजते. मलाही असंच शिकवलं.” त्यांचे डोळे चोवीस तास न झोपलेल्या बाईचे होते. मला त्यांची कीव आली. पण राग तसूभरही कमी झाला नाही. ज्याला खड्डा ठाऊक आहे, त्याने पुढच्याला तिथूनच चालायला का सांगावं?

रविवारी सहदेव आला, वलगावहून पहिल्या गाडीने. मनकर्णाबाईसाठी मेथी आणि माझ्यासाठी शेवंती घेऊन. मुलीने फोनवर सांगितलं होतं. तो खाटांच्या मध्ये अवघडून उभा राहिला.

“एक पानच त हाय, पोरी. लाव ना नवं. तीन वर्सं काहाडली तू.”

“बाबा, तुमी टोपल्यात किडकी वांगी खाली घालून वर चांगली ठेवता का?”

सहदेव प्रामाणिक माणूस. त्याने विचार केला. “कधी कधी ठेवतो.”

“मंग?”

“मंग थे गिऱ्हाईक परत येत नाही.” तो खिडकीतून बाहेर पाहू लागला. मनकर्णाबाईच म्हणाली, “इचं गिऱ्हाईक मेलं असतं, दादा.” त्यानंतर त्याने पानाचं नाव काढलं नाही. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे न पुसताच गेला.

सही मिळाली नाही. वही अपुरी म्हणून साधनाला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. बाकीच्या एकोणसाठ पोरी बसल्या, साठ-साठ पानांच्या ‘होय’सकट. मी प्राचार्यांना दोनदा पत्र लिहिलं. उत्तरात ‘आपल्या आरोग्यास शुभेच्छा’ आल्या.

पुढच्या चतुर्थीला मी तपासणीसाठी त्याच वॉर्डात गेले होते. साधना तिथेच होती, पुन्हा याच वॉर्डाचं पोस्टिंग, तीच चादर, तीच नळी. तक्ताही भिंतीवरच होता, समिती यायची अजून बाकी होती. फक्त कवटीवर कोणीतरी चिकटपट्टीने जाड कागद लावला होता. कोणी, ते मी विचारलं नाही.

साडेदहाला तिचा फोन वाजला. तिने त्याचा आवाज माझ्यासाठी मोठा केला.

“मनकर्णा बोलून राहिली. भगर खाल्ली. हात नाही कापले. पन शेजारची आली होती, तिलेबी साखर हाय, तिचे कापले. म्या तिले साखरेचं पानी पाजलं, बळजबरी. आता बसून हाय इथं, मले शिव्या देऊन राहिली. बरी हाय.”

“तुमी काय खाल्लं, किती वाजता?” साधनाने विचारलं. मनकर्णाबाईने सगळं सांगितलं, वाटीच्या मापासकट.

फोन ठेवल्यावर साधनाने वही काढली. खोडलेला ‘होय’, बाजूचा ‘नाही’. त्याखाली तिने त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं: ‘होय. रुग्णाने दुसऱ्याला शिकवले.’

मग उठून ती वही आरती मॅडमच्या टेबलावर ठेवून आली. मॅडमनी पान वाचलं. दोनदा वाचलं, मी दारातून पाहत होते. पेनाचं टोपण काढलं. तारखेवर बोट ठेवलं, म्हणाल्या, “ही तेव्हाच्या पोस्टिंगच्या बाहेरची तारीख आहे,” आणि टोपण परत लावलं.

साठ पानांच्या त्या वहीत सही नसलेलं ते एकच पान आहे. सहा महिन्यांपैकी आता चार उरलेत. साधना रोज सकाळी सात वाजता वॉर्डात येते, स्टूल ओढते आणि खाली बसते.